कोर्टाच्या कारकुनाच्या पगाराला सरकारची मंजुरी कशाला? पणजोबांचा अर्ज सापडलाय

प्रश्न – जुनी_ट्रंक
आईच्या माहेरच्या ट्रंकेत पणजोबांच्या अर्जाची नक्कल मिळाली. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या एका कोर्टाच्या कचेरीत कारकून होते ते, कोर्टाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. वरच्या जागेचं काम दोन वर्षं करतोय पण पगार जुन्याच जागेचा मिळतोय असं लिहिलंय, आणि कडेला लाल शाईत शेरा, 'सरकारची मंजुरी नाही'. मला कळत नाही की कामावर कोर्टाने लावलं तर मध्ये सरकार कुठून आलं? घरी सगळे म्हणतात साहेबाने डूख धरला म्हणून, पण मला ते पटत नाही. कोणी अभ्यास केलाय का याचा?

मोडीवाला
साहेबाचा राग असेलही, पण मूळ गाठ वेगळी आहे. हायकोर्ट असेल तर १८६५ च्या सनदेतलं म्हणजे लेटर्स पेटंटमधलं आठवं कलम काढून वाचा. कारकून वगैरे नोकरवर्ग नेमायचा अधिकार चीफ जस्टिसचा, पण त्यांचा पगार चीफ जस्टिसने ठरवायचा आणि गव्हर्नर-इन-कौन्सिलने, म्हणजे गव्हर्नर आणि त्याच्या सल्लागार मंडळाने, मंजूर करायचा, म्हणजे माणूस कोर्टाचा आणि पैसा सरकारी तिजोरीतला. काम वाढलं की कोर्ट जादा माणसं मागणार आणि सेक्रेटरिएट म्हणजे सरकारी सचिवालय विचारणार, आहेत त्यांच्यात का भागत नाही, आणि तोवर खालचा माणूस 'अ‍ॅक्टिंग' म्हणून वरचं काम ओढत बसणार. तेव्हाच्या कचेऱ्यांत तर बिनपगारी उमेदवारसुद्धा असायचे, आज ना उद्या जागा रिकामी होईल म्हणून वर्षानुवर्षं नकला उतरवत बसलेले, मला त्यांचं फार वाईट वाटतं. बरं ही वाटणी इंग्रजांबरोबर गेली नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात कलम २४२ मध्ये तीच होती आणि आज राज्यघटनेच्या कलम २२९ मध्ये पण नेमणूक मुख्य न्यायमूर्तींची आणि पगार-रजा-पेन्शनच्या नियमांना राज्यपालांची मंजुरी.

अपील_शाखा
अर्ज कोणाच्या नावाने केलाय ते बघा, हायकोर्ट असेल तर त्यावरून कचेरी कळेल. मुंबई हायकोर्ट १८६२ ला सुरू झालं ते दोन जुनी कोर्टं एकत्र करून, मुंबईचं तेव्हाचं सुप्रीम कोर्ट आणि कंपनी सरकारचं अपिलाचं कोर्ट म्हणजे सदर अदालत. त्यामुळे कचेऱ्या दोनच राहिल्या, ओरिजिनल साइडला (थेट हायकोर्टात दाखल होणारे दावे) प्रोथोनोटरी हा कचेरीचा मुख्य अधिकारी आणि अपिलेट साइडला (खालच्या कोर्टांवरची अपिलं) रजिस्ट्रार, हे हुद्दे अजून आहेत. अपिलेटला मोफसलची म्हणजे मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांची अपिलं यायची, मराठी गुजराती कानडी कागद, त्यांची भाषांतरं, त्यामुळे तिथे कारकुनाला भाषा येणं फार महत्त्वाचं.

काळाघोडा_वाचक
ही भांडणं कारकुनांपुरती नव्हती हो. हायकोर्टाच्याही आधी, १८२३ मध्ये मुंबईच्या रेकॉर्डर कोर्टात (सुप्रीम कोर्टाच्या आधीचं कोर्ट) सर एडवर्ड वेस्ट न्यायाधीश म्हणून आले आणि त्यांनी कोर्टाचा एक अधिकारी, मास्टर इन इक्विटी विल्यम अर्स्किनला पैशांच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून काढलं. हा तोच अर्स्किन, बाबरच्या आठवणी इंग्रजीत आणणारा. तेव्हा कोर्टाच्या अधिकाऱ्यांची कमाई बरीचशी पक्षकारांकडून घेतलेल्या फीवर चालायची, मग हिशोबावरून वाद होणारच. माझ्या मते पुढे सरकारने पगाराची दोरी हातात ठेवली त्यामागे हा जुना अनुभवही असणार.
आणि तुम्ही मुंबईत असाल तर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे तिथे जा. ज्युडिशियल डिपार्टमेंटचे खंड वर्षवार लावलेत. अर्जावरची तारीख धरून त्या वर्षाचे आणि पुढच्या दोन वर्षांचे मागवा, कारण उत्तर यायला वेळ लागायचा.

जुनी_ट्रंक
खूप आभार सगळ्यांचे, आईला वाचून दाखवलं. अर्ज आता उलटा करून पाहिला तर मागे पेन्सिलीने दर महिन्याच्या फरकाची बेरीज मांडलीय, चोवीस ओळी, आणि खालची एकूण रक्कम दोनदा खोडून परत लिहिलीय. तारीख नीट वाचता येतेय, सोमवारी रजा टाकून खंड बघायला जातोय.