सरांच्या तालमीतले आम्ही : आठवणींचा धागा

परवा सरांचं तेरावं झालं. कॉलेजात मराठी शिकवणारे, आमची नाटकं बसवणारे सर. बेळगावात टिळकवाडीतल्या घराबाहेर चपला काढताना लक्षात आलं, जमलेल्यांतले निम्मे एकमेकांना ओळखतच नव्हते. पण एकानं आठवण काढली की दुसरा ती पुरी करत होता. म्हणून हा धागा. ज्याच्याजवळ जे आहे ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. पहिल्या वर्षाला माझं वाक्य होतं, 'मी त्याला विष दिलं नाही.' सर रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत बसायचे. तिथून ओरडले, "म्हणजे दिलंस!" माझा श्वास 'दिलं'पाशीच संपत होता, 'नाही' ओठांतच राहत होतं. मराठी वाक्याचा जीव शेवटी असतो, क्रियापदात, नकारात, आणि नट नेमका तिथेच दमतो. "कडोलीहून बस पकडून आलेल्या म्हातारीला ते 'नाही' ऐकू गेलं नाही तर ती खुनी बाई बघून घरी जाईल," सर म्हणाले. आता मी शाळेत शिकवते, आणि शेवटच्या बाकाकडे बघून बोलते.

खानापूरहून

मी 'करालोय, जेवालोय' बोलणारा. एका स्पर्धेत परीक्षकांनी सगळ्यांसमोर माझ्या उच्चारांवर शेरा मारला. परतीच्या गाडीत रडू आवरेना. सर शेजारी येऊन बसले आणि काही न बोलता शेंगांची पुडी पुढे केली. पुढच्या वर्षी एकांकिकेत त्यांनी मला म्हाताऱ्या शेतकऱ्याची भूमिका दिली. वाक्यं आजोबांकडून आणायची. "ते बोलतात तसंच लिहून आण, वळणं सरळ करू नको." प्रयोगाला आजोबा पहिल्या रांगेत होते. नंतर विंगेत येऊन म्हणाले, "माझंच बोलालास की रे." बक्षीस मिळालं नाही. त्याचं वाईट तेव्हाही वाटलं नाही.

शहापूरहून

मी वायरमन. स्टेजवर कधी गेलो नाही, दिवे सांभाळले. तेव्हा आमचा डिमर म्हणजे पाइपात मिठाचं पाणी. त्यातला पत्रा हळूहळू वर ओढायचा, दिवा मंद होत जायचा. धोक्याचं काम. सर रबरी चपला घालायला लावायचे आणि पत्रा ओढून होईपर्यंत माझ्या मागे उभे राहायचे. काळोख पडला की पाठीवर हात.

गोकाकहून

घरची भाषा कन्नड, मराठी मी तालमीत शिकले. चुकलं तर सांभाळून घ्या. सरांनी आम्हाला रात्रभर श्रीकृष्ण पारिजात, म्हणजे आमच्याकडचं कन्नड लोकनाट्य, बघायला नेलं होतं, आमच्याच भागात. त्या खेळाशी जोडलेलं कुलगोडच्या तम्मण्णांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते या मराठीच्या प्राध्यापकांकडून. ज्या १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्याच साली आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, हे सांगताना सरांचा आवाज चढायचा. "संगीत नाटकाचा पाळणा या मुलखात हलला, बघा!" सीमेवरून बाहेर काहीही चालू असो, तालमीत दोन्ही भाषांतल्या शिव्या सगळ्यांना येत होत्या. मी वाक्याचा शेवट खाल्ला तेव्हा त्यांनी विचारलं, "कन्नडमध्ये 'गेलो नाही' कसं म्हणतेस?" मी म्हटलं, "होगलिल्ल." "मग? तुमचंही 'इल्ल' शेवटालाच की!"

निपाणीहून

शेवटची दीड वर्षं सरांना बोलता येत नव्हतं. पक्षाघात. उजवा हातही गेला होता. मी रविवारी बसनं जायचो, एखादं जुनं नाटक वाचून दाखवायचो. काकू चहा ठेवून दारातच बसायच्या. पहिल्या रविवारी मला वाटलं, त्यांना कळत नाहीये. डोळे मिटलेले. पान उलटलं, वाचत गेलो, आणि खाटेच्या कडेवर डाव्या हाताच्या बोटाची टकटक झाली. मी थांबलो. काकू म्हणाल्या, "शेवटचा शब्द पडला तुझा."

मी वाक्य पुन्हा वाचलं.