थंडीत स्लॅब: पाचव्या दिवशी सेंट्रिंग खोलू द्यायचं का?

द्राक्षबागवाला, निफाड
शनिवारी घराचा स्लॅब आहे. काँक्रीट एम २० (ताकदीची प्रत), सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं), हॉलचा गाळा (आधारापासून आधारापर्यंतचं अंतर) १६ फूट. पहाटे पारा ७-८ वर येतोय. कॉन्ट्रॅक्टरला सेंट्रिंगच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायची घाई. म्हणतो, गोणीमागे अर्धा किलो 'पावडर' टाकू, पाचव्या दिवशी सगळं खोलू. पिशवीत पांढऱ्या चकत्या आहेत, उघड्या ठेवल्या की पाणी सुटतं. टाकू देऊ का?

जुना सुपरवायझर
अजिबात नको. पाणी सुटणाऱ्या चकत्या म्हणजे बहुतेक कॅल्शियम क्लोराईड. काँक्रीट लवकर धरतं हे खरं, पण क्लोराईड सळई खातं. हिशेब करा: घनमीटरला सात गोण्या, म्हणजे साडेतीन किलो चकत्या, त्यात जवळपास निम्मं क्लोराईड. आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) सळईच्या काँक्रीटला घनमीटरमागे ०.६ किलोच देतं, तेही वाळू-पाण्यातलं धरून.

उमेदवारीत एका पोर्चला आम्ही हेच टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी खोललं, मालक खूश. सात-आठ पावसाळ्यांनी खालचा गिलावा फुगला. हातोडी मारली तर सळईचे पापुद्रे हातात आले. मिस्त्री म्हणाला, 'साहेब, वाळू खारी असेल.' मी गप्प.

द्राक्षबागवाला, निफाड
बिनक्लोराईडचं मिळतं म्हणे?

जुना सुपरवायझर
मिळतं, कॅल्शियम नायट्रेटवालं. डब्यावर आयएस ९१०३ (काँक्रीटमध्ये टाकायच्या रसायनांचं मानक) बघा, मात्रा कंपनीची, मिस्त्रीच्या मुठीची नाही. पण त्यानं १४ चे ५ दिवस होत नाहीत. साडेचार मीटरच्या वरच्या गाळ्याला (तुमचा १६ फूट म्हणजे जवळपास ४.९ मीटर) टेकू १४ दिवस, तेही ओपीसी (राख न मिसळलेलं साधं सिमेंट) आणि १५ अंशांच्या वर हवा असेल तर. तुमच्याकडे दोन्ही नाही. त्यापेक्षा ओपीसी ५३ ग्रेड घ्या, पाणी कोमट करा, उन्हं वर आली की सुरू करून दुपारीच आटपा, रात्री गोणपाट आणि वर प्लॅस्टिक.

लॅबवाली
तीन क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) जास्तीचे भरा आणि ते टाकीत नको, स्लॅबवरच त्याच थंडीत ठेवा. खोलायच्या आधी फोडून बघू. खिळा आत जात नाही म्हणजे ताकद आली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

द्राक्षबागवाला, निफाड
बोललो. प्लेटांचं जादा भाडं निम्मं-निम्मं ठरलं, ओपीसी उद्या येतंय. कोमट पाण्याला बागेतल्या छाटणीच्या काड्यांचा ढीग आहेच. क्यूबचे साचे कुठून आणू?

लॅबवाली
आमच्याकडून न्या. फक्त धुऊन, तेल लावून परत करा, मागच्यानं तसेच आणून टाकले होते.