आरटीएक्स ५०७० साठी एसएमपीएस कोणता घ्यावा? (अकोला, लाईटचा भरवसा नाही)

कापूसकोंडा
राम राम मंडळी. धाकट्या भावासाठी गेमिंग पीसी जुळवतोय. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी. बाकी सगळं ठरलंय, घोडं एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) अडलंय. दुकानदार म्हणतो, "कॅबिनेटसोबत ८५० वॉटचा देतो ना, वेगळा कशाला घेता?" पण त्या ८५० वाल्याची किंमत दोन हजारांच्या आत, म्हणून पाल चुकचुकली. माझं बजेट साडेआठ-नऊ हजार. वरच्या मजल्यावरची खोली मे महिन्यात बसू देत नाही, लाईट कधी जाईल सांगता येत नाही, घरी इन्व्हर्टर आहे. ६५० पुरेल की ७५०? ८० प्लस गोल्ड शिक्क्याचाच पाहिजे का?

तांब्याची_तार
त्या ८५० वाल्याचं स्टिकर वाचून ये. वरचा ठळक आकडा सोड, +१२ व्ही च्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते सांग.

कापूसकोंडा
फोटो काढू दिला नाही, पण वाचलं. १८ ए. मागे एक लाल बटण पण आहे, ११५/२३० लिहिलेलं.

तांब्याची_तार
मग विषय संपला. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. नुसतं ५०७० पूर्ण जोरात २५० मागतं. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचीही भूक १२ व्होल्टवरच भागते, त्यामुळे ३.३ आणि ५ व्होल्टची बेरीज दाखवून फुगवलेला आकडा आपल्या काहीही कामाचा नाही. धड ६५० च्या स्टिकरवर त्याच रकान्यात ५४ ए दिसेल, म्हणजे ६४८ वॉट.

लाल बटणाचा अर्थ आत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून वीज सुरळीत खेचणारं सर्किट) नाही. हल्लीचे चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट आपोआप सांभाळतात, त्यांना बटण लागत नाही. आणि ते बटण चुकून ११५ वर राहिलं नि आपली २३० ची लाईन लागली, तर धडाम.

हिशोब असा: कार्ड २५०, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८ (६५ हा टीडीपीचा, म्हणजे कंपनी सांगते त्या उष्णतेचा आकडा, सॉकेटमधून ओढायची मर्यादा ८८), बोर्ड-रॅम-पंखे धरून ५०-६०. झाले ४०० च्या आसपास. कार्डवाली एनव्हिडिया स्वतः ५०७० ला ६५० चा सांगते. तेवढा पुरे.

फ्रेमड्रॉप
६५० पुरेल, पण भाऊ, बजेट आहे तर ७५० घे ना. उद्या कार्ड बदललंस तर? आरएक्स ९०७० एक्सटीच बघ, ३०४ वॉट खातं. एमएसआय मॅग ए७५०जीएल किंवा कॉर्सेअर आरएम७५०ई, दोन्ही गोल्ड, दोन्हींना ७ वर्षांची वॉरंटी.

एटीएक्स (एसएमपीएसचं स्टँडर्ड) ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच घे. कार्ड सरासरी २५० वर असलं तरी क्षणभर भलतीच उसळी मारतं. २०२२ मध्ये आलेल्या ३.० च्या नियमात एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुप्पट झटका न बंद पडता झेलायचा असतो. शिवाय १६ पिनची केबल सोबतच येते, ८ पिनच्या दोन केबली जोडून अ‍ॅडाप्टर लावायची कटकट नाही.

ती केबल मात्र कट्ट आवाज येईपर्यंत दाबायची, आणि कनेक्टरपासून लगेच वाकवायची नाही. आरटीएक्स ४०९० कार्डाच्या वेळी कनेक्टर वितळले त्यात अर्धवट बसलेली केबल हे मोठं कारण निघालं होतं. एमएसआयच्या केबलचं टोक पिवळं असतं. पिवळं दिसतंय तोवर ती नीट बसलेली नाही.

लॅमिंग्टन_रिटर्न
गोल्डचं वेड जरा बाजूला ठेवा राव. ८० प्लस फक्त एवढंच मोजतं की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पुढे जाते, तेही २३ अंशांत. अकोल्यात २३ अंश कधी असतात? डिसेंबरात! शॉर्ट सर्किटला बंद पडतो का, जास्त ओढल्यावर स्वतःला वाचवतो का, याचा त्या शिक्क्याशी संबंध नाही. २०२१ मध्ये गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम परीक्षकांच्या टेबलावर फुटले, ते गोल्डच होते. ओव्हरलोडची मर्यादा फार वर ठेवली होती, नंतर कंपनीने ती खाली आणली आणि माल बदलून द्यायची तयारी दाखवली.

विजेची बचत म्हणाल तर ४०० वॉटवर ब्राँझ (गोल्डच्या खालचा शिक्का) ८८ टक्के आणि गोल्ड ९२ टक्के धरा. फरक २० वॉट. रोज चार तास खेळलं तर महिन्याला अडीच युनिटसुद्धा नाही. गोल्ड घ्यायचा तो एवढ्याचसाठी की त्या किमतीत आतला मालही सहसा बरा असतो आणि वॉरंटी लांब असते. सीसॉनिक, सीडब्ल्यूटी, एफएसपी हे मूळ बनवणारे. डब्यावर नाव कुणाचंही असू दे. एकाच ब्रँडची एक सिरीज उत्तम आणि दुसरी टाकाऊ असू शकते, म्हणून नाव नको, पूर्ण मॉडेल नंबर टाकून रिव्ह्यू शोध.

बिनसाखरेचा_चहा
सगळे वॉटवर बोलताय, अर्थिंगचं कोणीच विचारत नाही. कापूसकोंडा, त्या खोलीतल्या सॉकेटला अर्थ आहे का? वायरमनला बोलावून तपासून घे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याकडे छोटे कपॅसिटर असतात, गोंगाट गाळायला. अर्थ जोडलेली असेल तर तो किरकोळ करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. यूएसबी लावताना हाताला झिणझिण्या येतात ना, त्या ह्याच. लोक म्हणतात एसएमपीएस खराब, तीन नवे बदलले तरी झिणझिण्या जात नाहीत.

आणि पीसी कूलरच्या झोतात ठेवू नकोस, कितीही गरम होत असलं तरी. दमट हवा आणि धूळ एकत्र आत बसते.

कापूसकोंडा
ताई, झिणझिण्या जुन्या पीसीलाही येतात! वायरमनला उद्याच सांगतो. इन्व्हर्टरवर चालेल का मग? ९०० व्हीएचा आहे.

तांब्याची_तार
दोन गोष्टी बघ. इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह? अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्यांना स्क्वेअर वेव्ह मानवत नाही, लाईट जाताच बंद पडू शकतात. साइन असेल तर मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू ठेव. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या कपॅसिटरवर १२ ते १७ मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टरने तेवढ्यात ताबा घ्यायला हवा. साध्या मोडवर त्याला उशीर होतो.

पण गेम चालू असताना भिंतीतून ४५० वॉट आणि वर घरातले पंखे, एवढं ९०० व्हीएवर ओढू नको. लाईट गेली की गेम सेव्ह कर, बंद कर. ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, ते बहुतेक ३६० वॉटचे असतात.

कापूसकोंडा
साइन वेव्ह आहे, मोड सापडला. ७५० गोल्ड पक्का. जुन्या पीसीतली हार्डडिस्क नव्यात लावायचीय, जुन्या मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची साटा केबल, म्हणजे डिस्कला वीज देणारी, वापरू का? लांब आहे, बरी पडते.

फ्रेमड्रॉप
अजिबात नाही!! हार्डडिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं, पण एसएमपीएसकडच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. केबल बसेल मस्त, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जाऊन डिस्क जळेल. डब्यात येतील त्याच केबली. आणि जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घे, वॉरंटीला तोच मागतात.