मदत हवी आहे: विद्यार्थ्यांची 'तयारी' मोजायची कशी?

प्रोजेक्टला विषय घेतलाय की इंडस्ट्रीत ऑटोमेशन, एआय वगैरे येतंय त्यासाठी युनिव्हर्सिटीतली पोरं कितपत तयार आहेत आणि ती तयारी कशावर ठरते. संशोधक परशुरामन यांचा २००० सालचा टेक्नॉलॉजी रेडीनेस इंडेक्स (माणूस नवं तंत्रज्ञान वापरायला कितपत तयार आहे हे मोजणारी प्रश्नावली) बघितला, त्यात आशावाद, नवं करून बघायची हौस, अवघडलेपण, असुरक्षितता असे ४ भाग आहेत, २०१५ च्या आवृत्तीत ३६ ऐवजी १६च प्रश्न आहेत म्हणून तीच घेईन म्हणतोय. पण हे सगळं स्वभावाचं झालं ना? इंटर्नशिप, लॅबमधली जुनाट मशिनं, शिकवणाऱ्यांचा अनुभव हे कुठे बसवू? शिवाय 'मला जमेल' वर टिक करणाऱ्याला खरंच जमतं का (मी पण करेन टिक, एक्सेल उघडलं की घाम फुटतो ते वेगळं) हे कसं कळणार? असा सर्व्हे कोणी केलाय का? प्लीज सांगा, गाइडला सोमवारी दाखवायचंय.