बर्कलीची गॅसबंदी: नगरपालिकेने आपल्या ओट्यापर्यंत यावं का?

ओटाबाई
मैत्रीण बे एरियात (कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) घर बघतेय. एजंटला तिचा पहिला प्रश्न, "गॅस आहे ना?" शाळेची चौकशी नंतर! त्यावरून आमचं वाजलं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुलै २०१९ मध्ये तिथल्याच बर्कली शहराने नव्या इमारतींत गॅसची पाइपलाइन घ्यायला बंदी केली. असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर. जुन्या घरांना हातही लावला नव्हता. तरी कॅलिफोर्निया रेस्टॉरंट असोसिएशन कोर्टात गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये नवव्या सर्किटच्या (म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या) केंद्रीय अपील कोर्टाने सांगितलं, की उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम १९७५ च्या केंद्रीय कायद्याखाली येतात, पाइप अडवून शहराला तेच मागच्या दाराने करता येणार नाही. २०२४ मध्ये बर्कलीने माघार घेतली.

माझ्या मते शहराचंच बरोबर होतं. आज जमिनीत गाडलेला पाइप पुढची कित्येक वर्षं तिथेच राहणार आणि त्याची देखभाल सगळ्यांच्या बिलात येणार.

फुलकेवाला
साफ असहमत. ऑक्टोबर २०१९ मध्ये तारांमुळे वणवा पेटेल या भीतीने वीज कापली होती, आठवतंय? आमच्याकडे दोन दिवस अंधार. काडी लावून गॅस पेटवला आणि टॉर्चच्या उजेडात पिठलं-भात केला. शेजारी इंडक्शनवाले, ते ताट घेऊन आमच्याकडे!
शिवाय जाळीवर फुगलेला फुलका इंडक्शनवर करून दाखवा.

ओटाबाई
तव्यावरच फडक्याने दाबा, फुगतो. भाकरीला बिडाचा तवा उत्तम. हिंदालियमच्या कढया मात्र बाद, मान्य.
पण शेगडी हे नुसतं बुजगावणं आहे हो. घरातला बहुतेक गॅस पाणी तापवायला आणि हीटिंगला जातो. वीज गेली की घर गरम करणाऱ्या तुमच्या गॅस फर्नेसचा पंखाही बंदच पडतो.

शंभर_अँपिअर
तत्त्व ठीक, खिशाचं बोला. आमचं घर १९५० च्या दशकातलं, विजेचा मुख्य पॅनल जेमतेम १०० अँपिअरचा. शुक्रवारी संध्याकाळी गीझर फुटला, गॅरेजभर पाणी. हीट पंपासाठी (विजेवर पाणी तापवणारं यंत्र) विचारलं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग परमिट, कदाचित पॅनलही बदला. घरात पाहुणे, मुलीच्या केसांना शाम्पू तसाच. शनिवारी सकाळी प्लंबर आला आणि दुपारपर्यंत गॅसचाच नवा गीझर बसला. नियम करणाऱ्यांनी एकदा हा शुक्रवार काढून बघावा. वर इथल्या विजेचा दर!

टेकडीवरचा
९ सप्टेंबर २०१०, बे एरियातलंच सॅन ब्रुनो. गॅसवाहिनी फुटली, ८ माणसं गेली, ३८ घरं जळाली. एवढंच.

फुलकेवाला
@टेकडीवरचा, वाईटच झालं ते. पण ती ३० इंची मुख्य वाहिनी होती, ओट्याखालची नळी नव्हे.

टेकडीवरचा
ओट्याखालच्या नळीत गॅस कुठून येतो मग?

पेठकर
पुण्यातून लुडबुड करतोय. आमच्याकडे महापालिका सोलर वॉटर हीटर लावणाऱ्यांना मिळकतकरात सवलत देते. सोसायटीच्या गच्चीवर टाक्या दिसतात त्या पर्यावरणप्रेमाने नव्हे, सवलतीने. (पावसाळ्यात गार पाणी येतं आणि सोसायटीत भांडणं होतात, तो वेगळा धागा.) बंदीपेक्षा गूळ दाखवा.

शंभर_अँपिअर
पेठकरांना +१. बर्कलीने नंतर छडीही उगारून पाहिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्या इमारतींच्या गॅसवापरावर कर लावायचा प्रस्ताव मतदानाला होता. खुद्द बर्कलीकरांनीच तो पाडला. त्या शहरात नाही झालं तर कुठे होणार?

ओटाबाई
तो कर मलाही पटला नव्हता. विद्यापीठाच्या गावात छोट्या नाट्यगृहांपासून सगळे भरडले गेले असते. पण दुसरी वाट आहे. बे एरियाच्या हवा नियंत्रण मंडळाने २०२३ मध्ये पाइपला हात न लावता धूर पकडला: २०२७ पासून नायट्रोजन ऑक्साइड सोडणारे (म्हणजे गॅसचे) घरगुती गीझर विकायचेच नाहीत. चालू आहे तो चालू द्या, बिघडला की बदला.

शंभर_अँपिअर
म्हणजे बिघडणार शुक्रवारीच! मी आत्ताच एक गॅसचा गीझर घेऊन गॅरेजमध्ये ठेवतो.

ओटाबाई
ठेवा. वॉरंटी खोक्यातच संपेल.