मदत हवी आहे: व्हॉल्व्हचा रेडिओ तापला की स्टेशन सरकतं, पॅडर कंडेन्सर (मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाची स्टेशनं तबकडीवर जागी बसवणारा) कोणता घालू?

नमस्कार मंडळी,

आत्याकडचा जुना रेडिओ दुरुस्तीला घेतलाय. ईसीएच८१, ईएफ८९, ईबीसी८१, ईएल८४, ईझेड८० हे व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मरवाला एसी सेट, आयएफ (सेटच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) ४५५ किलोहर्ट्झ. सर्किट डायग्राम नाही.

पहिल्यांदा लावताना ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घेतला होता (शॉर्ट असलाच तर करंट अडावा म्हणून). फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक बदलले, घूंऽऽ आवाज थांबला. ईबीसी८१च्या प्लेटवरून ईएल८४च्या ग्रिडला (सिग्नल आत घेणाऱ्या टोकाला) जाणारा कागदी कंडेन्सर लीक होता, ग्रिडवर ९ व्होल्ट पॉझिटिव्ह! तिथे ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घातला, ग्रिड शून्यावर आली. (जुना सेट सुरू करणाऱ्यांनी निदान हा एक तरी आधी बदलावाच. लीक कंडेन्सरपायी ईएल८४ जातो, जोडीला आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो.) आवाज आता इतका भरदार झालाय की आत्या समोरून उठत नाही.

अडचण मीडियम वेव्हची आहे. मुंबईचं १०४४ किलोहर्ट्झ तबकडीवर बरोबर जागी लागतं. पुण्याचं ७९२ किंचित हटून. पण ५५८ चांगलंच बाजूला, आणि सेट तापत गेला की तेही निसटतं. काटा जास्त मीटरच्या बाजूला ढकलत राहावं लागतं.

चासी उलटी केली तर पॅडरच्या जागी पूर्वी कुणीतरी साधी सिरॅमिक चकती डकवलेली दिसली, वर ४७१ छापलेलं, म्हणजे ४७० पिकोफॅरड. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक, न टेकवता, तिच्याजवळ नेलं की ५५८ लगेच पळतं. तेच टोक शेजारच्या ट्रिमरजवळ (वरच्या टोकाची जुळणी करणारा छोटा फिरता कंडेन्सर) नेलं तर काही होत नाही. हिशोबही जुळतो: पॅडर गँगशी (काट्याबरोबर फिरणाऱ्या ट्यूनिंग कंडेन्सरशी) सिरीजमध्ये असतो, त्यामुळे गँग पूर्ण मिटलेली असते तेव्हाच त्याचा जोर सर्वांत जास्त चालतो. म्हणून खालचं टोक (५५८ कडचं) बिघडलंय आणि वरचं (१०४४ कडचं) शाबूत आहे.

आता विचारायचंय ते असं. मूळ पॅडर किती पिकोफॅरडचा होता हे कळायला मार्ग नाही. सिल्व्हर मायकाचे दोन कंडेन्सर पॅरलल लावून, बेरीज कमीजास्त करत ५५८ जागेवर आणावं, की आधी ऑसिलेटर कॉइलचा कोअर हलवून बघावा? कोअरवरचं मेण अजून जसंच्या तसं आहे, म्हणून हात लावायला जीव होत नाही. मायका मिळालाच नाही तर पॉलिस्टायरीन चालेल का? व्हॉल्व्हच्या उष्णतेने तो मऊ पडेल अशी भीती वाटते. आणि पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ५ टक्क्यांच्या आतले मायका कुणाला अलीकडे मिळालेत का? जुन्या सेटमधून काढलेलेही चालतील.

ट्रिमर फिरवून बघ, हा सल्ला कृपया नको. वरचं टोक बरोबर आहे ते बिघडवायचं नाही. पॅडरच्या जागेचा फोटो रात्री टाकतो.