सूत्रातून निघालं म्हणून ते शिल्प नव्हे?

वक्ररेषा
काल 'शाडूचा गोळा' यांनी लिहिलं की संगणकात सूत्र घालून थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या वस्तूला शिल्प म्हणणं म्हणजे झेरॉक्सवाल्याला लेखक म्हणणं. दोन ओळी खरडून झोपणार होतो. झोप आली नाही.

अमेरिकन शिल्पकार बॅथशीबा ग्रॉसमन घ्या. येलला गणित शिकली, मग पेन्सिल्व्हेनियात शिल्पकला. तिचं जायरॉइड बघा, बोगद्याबोगद्यांचा वळणदार गणिती पृष्ठभाग. हा पृष्ठभाग अ‍ॅलन शोएनने नासात असताना १९७० मध्ये मांडला. त्यात एकही सरळ रेषा नाही, तो सगळीकडे अनंत पसरतो आणि त्याची जाडी शून्य. छापा आता! कुठे कापायचा, गोलात की घनात, भिंत किती जाड, बोगदे आरपार कुठून दिसावेत, यातलं सूत्र काहीच सांगत नाही. ते बाईंनी ठरवायचं. मग पोलादाची भुकटी थरावर थर चिकटवायची आणि भट्टीत तिच्यात ब्रॉन्झ मुरवायचं.

स्विस शिल्पकार मॅक्स बिलने १९३५ मध्ये कागदाच्या पट्ट्या वळवत 'अंतहीन पट्टी' घडवली. आपल्याला नवाच आकार सापडला असं त्याला वाटलं. पुढे कळलं, मोबियस या जर्मन गणितज्ञाने तो १८५८ मध्येच शोधला होता. म्हणून बिल शिल्पकार नाही?

शाडूचा गोळा
झोप उडाली म्हणजे बाण बसला. बाई गणितात थोर असतील, माझा मुद्दा हाताचा आहे. पहिल्या वर्षाला पूर्णाकृती करताना मी आर्मेचरची, म्हणजे मातीच्या आतल्या सांगाड्याची, तार बारीक घेतली. रात्री ओलं फडकं गुंडाळून गेलो, सकाळी अख्खा हात खांद्यापासून निखळून जमिनीवर. सर एवढंच म्हणाले, "मातीला विचारलं होतंस का?" तुमच्या पडद्यावर हात हवेत तरंगला तरी पडत नाही.

आणि याच बाई क्लाइन बॉटलच्या, म्हणजे आत-बाहेर वेगळं नसलेल्या गणिती बाटलीच्या, आकाराचा ओपनरही विकतात. बाटलीच्या ओपनरला शिल्प म्हणायचं? उद्या किसणीला म्हणा.

खिडकीतला
किसणीला नावं ठेवू नका. चुकलात की मातीपेक्षा लवकर कळतं.

पेणकरीण
हाताचा विषय निघालाच आहे तर सांगते. गेल्या वर्षी एका दुकानातून "संपूर्ण हाताने घडवलेली" शाडूची मूर्ती घेतली, दुप्पट पैसे मोजून. आरतीला शेजारी गेले तर तिथे तीच! सोंडेचा वळसा तोच, डाव्या कानाच्या पाळीवरची खोचसुद्धा तीच.

शाडूचा गोळा
ताई, साचे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत.

पेणकरीण
मला साचा शिकवू नका. आजोबांचा कारखाना होता पेणला. पहिली मूर्ती हाताची, मग साचा, हे आम्ही कधी लपवलं नाही. पण डोळ्यांची आखणी आजोबाच करायचे. त्या दिवसांत चहा सोडायचे, हात थरथरू नये म्हणून. माझं रडगाणं साच्याचं नाही, लबाडीचं आहे.

खिडकीतला
हल्ली पहिली मूर्तीही संगणकावर होते. अर्धा चेहरा करायचा, मिरर दाबायचं. म्हणून तर चेहरे पासपोर्ट फोटोसारखे.

पेणकरीण
अगदी! आजोबांच्या गणपतीचा उजवा डोळा केसभर मोठा असायचा.

त्रिज्या
हात, हात काय लावलंय? आधी पीओपी बंद करा, मग डोळ्यांचं बोला.

पेणकरीण
शाडूची मूर्ती वाळायला किती दिवस लागतात माहीत आहे? पावसाळ्यात? कारखान्यात एक जुलै काढून दाखवा, मग बंदी घाला.

त्रिज्या
विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी चौपाटीवर या. हात, सोंड, मुकुट वेगवेगळे वेचून दाखवते.

वक्ररेषा
अहो, धागा कशाचा होता! गोळासाहेब, एकच सांगा. केवडियाचा सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा शिल्प आहे की नाही? राम सुतारांची प्रतिकृती स्कॅन करून संगणकावर वाढवली, ब्रॉन्झचे पत्रे चीनमध्ये ओतले. फ्रेंच शिल्पकार रोदँची शिल्पं लहानाची मोठी आंरी लेबोसे करायचा, यंत्रावर. सगळे झेरॉक्सवाले?

शाडूचा गोळा
सुतारांना यात ओढू नका. त्यांनी आधी मातीत केलं, यंत्र नंतर आलं. तुमच्या बाईंची माती कुठे आहे? तुम्हा आयटीवाल्यांना बटण दाबलं की आपण निर्माते झालो असं वाटतं.

वक्ररेषा
आयटीवाला नाही, शाळेत गणित शिकवतो. जायरॉइड जागेचे दोन भाग करतं, दोन्ही एकमेकांत गुंतलेले, पण कुठेच न मिळणारे. फळ्यावर हे कधी जमलं नाही. एकदा छापलेलं जायरॉइड वर्गात फिरवलं. मागच्या बाकावरच्या मुलीने दोन बाजूंनी दोन बोटं आत घातली. बोटं शेजारीशेजारी आली, मधे फक्त भिंत. "सर, ही भेटणारच नाहीत," म्हणाली. चाचणीत नापासच झाली, ते सोडा.

शाडूचा गोळा
बोटांचं बरं सांगितलंत. आणा कधी, हातात घेऊन बघेन. शिल्प मात्र म्हणणार नाही. वजन किती?

वक्ररेषा
माझं प्लास्टिकचं आहे. साठेक ग्रॅम.

शाडूचा गोळा
साठ ग्रॅम! आमची आर्मेचरची तार त्याहून जड असते.

त्रिज्या
बारीक घेतली होतीत ना?

पेणकरीण
त्या दुकानाच्या पाटीवर यंदा "हाताने रंगवलेली" लिहिलंय. भाव तोच.